हॉल तिकिटावरचं विद्यापीठ

शहापूर-मुरबाडकडच्या मुलाची विद्यापीठाशी पहिली गाठ पडते ती हॉल तिकिटावर. वर बोधचिन्ह, मग ‘मुंबई विद्यापीठ’ ही अक्षरं, खाली आपलं नाव, आईचं नाव, बैठक क्रमांक, आणि ज्यात आपण कधीच आपल्यासारखे दिसत नाही असा फोटो. तिकीट मिळतं तालुक्याच्या कॉलेजात, पेपर होतात तिथंच, निकाल मोबाइलवर येतो आणि मार्कशीट कॉलेजच्या ऑफिसात सही करून घ्यायची. पदवीची वर्षं अशी निघून जातात. विद्यापीठ नावाची जागा प्रत्यक्षात आहे कुठे, हे बघायची गरज पडत नाही. गरज पडते ती काही अडलं तर. केटीचा निकाल राखीव दिसतोय, नावात एक काना चुकलाय, दुसरीकडे प्रवेश घ्यायला मायग्रेशन हवंय, नोकरी देणाऱ्यांनी मार्कशीटची पडताळणी मागितलीय. मग घरात कुणीतरी म्हणतं, ‘आता विद्यापीठात जावं लागणार.’ आमच्याकडे ‘तहसीलला खेप मारावी लागणार’ म्हणतात, तोच सूर.

मी याच पट्ट्यातला. गाव किन्हवलीच्या पुढं, शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या मधल्या रस्त्याला लागून, आजोळ मुरबाडकडचं. बी.ए. तालुक्याला केलं, एम.ए.साठी कालिन्याला गेलो, आणि आता पुन्हा तालुक्याच्याच ठिकाणी शिकवतो. त्यामुळे मुंबई विद्यापीठ मी लांबून पाहिलं, आतून पाहिलं आणि हल्ली मुलांना दाखवायला नेताना पाहुण्यासारखंही पाहतो. या तिन्ही वेळी दिसलेलं विद्यापीठ एकच होतं, असं मात्र मला छातीठोकपणे सांगता येणार नाही.

प्रवेशाच्या वेळी बाबा सोबत आले होते. कालिन्याचा परिसर, म्हणजे विद्यानगरी, सव्वादोनशे एकरांहून मोठा. गेटातून आत शिरल्यावर रस्ता वळतो, दोन्ही बाजूंना पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, मधे वाढलेलं गवत, आणि इमारती एकमेकींपासून अंतर राखून. बाबा चालता चालता डावी-उजवीकडे बघत होते. शेवटी म्हणाले, ‘केवढं वरकस पडलंय रे. कोण कसतो हे?’ मी म्हटलं, कुणी नाही, विद्यापीठाचं आहे. ते थोडं चालले आणि म्हणाले, ‘मग पोरं कुठायत?’ सुट्टीचे दिवस होते, पोरं नव्हती. पण त्यांच्या दोन्ही प्रश्नांचा रोख मला पुढं बरेच दिवस पुरला. भाताच्या खाचरावर जगणाऱ्या माणसाला जमीन दिसली की तिच्यातून काय निघतं हे विचारावंसं वाटतं. वरकसावरही गवत निघतं, राबाला पालापाचोळा निघतो. इथून काय निघतं?

शहरातून येणारा पाहुणा हा प्रश्न विचारत नाही. तो आधी झाडं बघतो. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती अगदी जवळ, विमानतळ जवळ, आणि मधे एवढी हिरवळ, याचं त्याला अप्रूप. आमच्या मुलांना झाडांचं काही वाटत नाही. माहुलीच्या पायथ्याला किंवा माळशेजच्या वाटेवर ज्यांची शाळा होती, त्यांनी सुबाभळीकडे बघून काय हरखून जायचं? त्यांना नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. गेटवर ओळखपत्र दाखवलं की नंतर दिवसभर कुणी ‘कुणाचा रे तू?’ असं विचारत नाही. गावात हा प्रश्न पारावर, दुकानात, एसटीत, सगळीकडे असतो. त्याचं उत्तर देता देता आडनाव सांगावं लागतं, वाडी सांगावी लागते, आणि तेवढ्यावर समोरच्याचा चेहरा ठरतो. कातकरी वाडीतून आलेल्या एका मुलीनं मला परतीच्या गाडीत सांगितलं, ‘सर, मी दोन तास एकटी फिरले, कुणी काय विचारलंच नाही.’ तिचा सूर तक्रारीचा नव्हता.

इतिहास थोडा तपासला तर गंमत अशी दिसते की हॉल तिकिटावरचं विद्यापीठ हेच मूळचं विद्यापीठ आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास अशी तीन विद्यापीठं निघाली. मुंबईचं १८ जुलैला. नमुना होता त्या वेळच्या लंडन विद्यापीठाचा. शिकवायचं महाविद्यालयांनी, विद्यापीठानं अभ्यासक्रम नेमायचा, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची. सुरुवातीच्या काळात त्याला स्वतःची इमारतही नव्हती. १८६२ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे पहिले पदवीधर बाहेर पडले तेव्हा फोर्टमधलं दीक्षान्त सभागृह उभं राहायला अजून बारा वर्षं होती. विद्यापीठानं स्वतःचे विभाग काढून शिकवायला बसणं ही तर विसाव्या शतकातली गोष्ट. समाजशास्त्राचा विभाग पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली १९१९ मध्ये सुरू झाला. कालिन्याचा परिसर त्याहूनही पुष्कळ नंतरचा. म्हणजे शिवळ्याच्या शांतारामभाऊ घोलप महाविद्यालयात किंवा शहापूरच्या सोनुभाऊ बसवंत महाविद्यालयात बसून पेपर लिहिणारी, विद्यापीठाचं तोंडही न पाहिलेली मुलं काही उणं विद्यापीठ भोगत नाहीत. १८५७ साली जे ठरलं होतं, तेच त्यांच्या वाट्याला येतंय. मला हे समजलं तेव्हा थोडं बरं वाटलं आणि लगेच रागही आला. कारण इतरांच्या वाट्याला मधल्या दीडशे वर्षांत बरंच काही आलं आहे.

या सगळ्याच्या मुळाशी मुरबाडचा एक माणूस आहे, हे मुरबाडकर सांगितल्याशिवाय राहत नाहीत. जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना यांचा जन्म १८०३ साली मुरबाडला झाला असं मानलं जातं. मुंबईत त्यांनी शाळा काढल्या, एल्फिन्स्टन संस्थेच्या उभारणीत ते होते, बोर्ड ऑफ एज्युकेशनवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, आणि नव्या विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंमध्येही त्यांचं नाव होतं. त्यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती अनेक पिढ्यांना मिरवण्यासारखी वाटत आली. चर्चगेटजवळच्या विद्यापीठाच्या वसतिगृहालाही त्यांचंच नाव आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या उभारणीतही त्यांचा हात होता. ती रेल्वे १८५३ ला ठाण्यापर्यंत आली, १८५५ ला वासिंदपर्यंत आणि १८६१ च्या सुमारास कसाऱ्याला पोचली. मुरबाडला मात्र ती अजून आलेली नाही. कल्याण-मुरबाड रेल्वेच्या घोषणा ऐकत आमच्या मामांची पिढी निवृत्त झाली. तेव्हा ज्या गावच्या माणसानं मुंबईला रेल्वे आणि विद्यापीठ या दोन्ही गोष्टी आणायला हातभार लावला, तिथल्या मुलाला विद्यापीठ गाठायचं तर आधी एसटीनं कल्याणला यावं लागतं. यावर आणखी काही बोलायची गरज आहे असं मला वाटत नाही.

शहापूरकडून जाणं त्यामानानं सोपं, असं मुरबाडकर म्हणतात, आणि ते खरंही आहे. स्टेशन आसनगावचं, शहापूर गावापासून तीनेक किलोमीटरवर. पण आसनगावला पोचण्याआधी किन्हवली, डोळखांब, शेंद्रूण इथून निघावं लागतं, जीपच्या मागच्या फळकुटावर किंवा पहिल्या एसटीनं. आसनगावहून सुटणारी गाडी मिळाली तर बसायला जागा. कसाऱ्याहून येणारी मिळाली तर वासिंद-टिटवाळ्यापर्यंत निदान टेकून उभं राहता येतं. कल्याणच्या अलीकडे दोनच रूळ आणि त्यांवर मेल-एक्स्प्रेसचा मान पहिला, त्यामुळे लोकल मधेच कुठेतरी थांबते, आणि डब्यातले जुने लोक खिडकीतून न बघताच कोणती गाडी पुढं काढतायत ते सांगतात. कुर्ल्याला उतरून पश्चिमेला बाहेर पडायचं, शेअर रिक्षा नाहीतर बेस्टची बस. नवखा मुलगा ‘विद्यानगरी’ ऐकून घाटकोपरला गाडी बदलतो आणि विद्याविहारला उतरतो. तिथं समोर सोमय्यांचं मोठं शैक्षणिक संकुल दिसतं आणि त्याला वाटतं, आलो. आमच्याकडच्या दर वर्षीच्या तुकडीत एक तरी असा निघतो.

एम.ए.ची ती वर्षं मी अशी गाडीत काढली. वर्गात जेवढं वाचलं त्याच्या कितीतरी पट डब्यात वाचलं, हे मी अभिमानानं सांगत नाही, तसंच घडलं. सकाळच्या गाडीत भजनी मंडळ टाळ काढायचं. तुकाराम मला आधी त्या डब्यात ऐकू आला, मग रानडे भवनातल्या वर्गात. रानडे भवनात मराठी शिकण्याचंही एक औचित्य आहे. विद्यापीठानं सुरुवातीच्या वर्षांतच वरच्या परीक्षांमधून मराठीसारख्या देशी भाषांना बाजूला सारलं होतं. त्यांना परत जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानडे आयुष्याच्या अखेरीपर्यंत खटपट करत राहिले. त्यांच्या नावाच्या इमारतीत बसून मी मराठीच्या टिपणवह्या भरत होतो, पण हे सगळं तेव्हा माहीत नव्हतं. माहीत होतं ते एवढंच की तास संपल्यावर लगेच निघालं तरच शहापूरहून वस्तीची गाडी मिळते.

वस्तीची गाडी म्हणजे गावात मुक्कामाला जाणारी शेवटची एसटी. ती रात्री गावात थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात किंवा शाळेच्या ओट्यावर झोपतात, आणि पहाटे तीच पहिली गाडी म्हणून निघते. ती चुकली तर किन्हवलीच्या पुढं जायला कुणाची तरी मोटरसायकल शोधायची. माझं एम.ए. त्या गाडीच्या वेळापत्रकानं ठरवलं. परळचे, डोंबिवलीचे, अंधेरीचे मित्र तास संपल्यावर कँटीनला जायचे. तिथं चहा व्हायचा, मग कुणीतरी दुसऱ्या विभागातला येऊन बसायचा, इतिहासाचा किंवा अर्थशास्त्राचा. वाद व्हायचे. प्राध्यापकही कधी कधी येऊन बसायचे, आणि वर्गात जे बोलत नसत ते तिथं बोलायचे. संध्याकाळी एखादं व्याख्यान असायचं, कुणी बाहेरचा पाहुणा असायचा. दुसऱ्या दिवशी मित्रांच्या बोलण्यात त्याचे संदर्भ यायचे आणि मी मान डोलावायचो. हजेरी माझी त्यांच्यापेक्षा चांगली होती. गुणही बरे होते. पण त्यांच्या नि माझ्या शिक्षणात एक फट होती, आणि ती सगळी त्या चारनंतरच्या तासांची होती.

वसतिगृह हा त्यावरचा उपाय, हे उघड आहे. ते मिळणं सोपं नसतं, आणि मिळालं तरी आमच्याकडच्या घरांना ते पचतंच असं नाही. आवणीच्या दिवसांत, कापणीच्या दिवसांत हातांची गरज असते. मुलीच्या बाबतीत तर ‘रोज घरी येते ना, मग शिकू दे’ या एका अटीवर शिक्षण चालू असतं. ती अट मोडायला लावली तर शिक्षण थांबतं. त्यामुळे ती मुलगी दिवसाचे पाच-सहा तास रस्त्यात घालवते आणि तरीही स्वतःला नशीबवान समजते. तिच्या वर्गातल्या किती जणी बारावीनंतर घरी बसल्या, हे तिला माहीत असतं.

जे कालिन्याला येऊच शकत नाहीत त्यांच्यासाठी दूरशिक्षण आहे. ती संस्थाही कालिन्यातच, शंकरदयाळ शर्मा भवनात, १९७१ पासूनची. भिवंडीच्या गोदामांत, वासिंद-आसनगावच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी आमची कितीतरी मुलं-मुली तिच्या जोरावर पदवीधर झाली. माझा एक मावसभाऊ त्यातलाच. पुस्तकांचा संच आणायला तो पहिल्यांदा परिसरात गेला. खिडकीतले गृहस्थ वासिंदचे निघाले. त्यांनी त्याचा अर्ज दुरुस्त करून दिला, चहा पाजला आणि संध्याकाळच्या कोणत्या डब्यात चढायला जागा मिळते तेही सांगितलं. मावसभावाला विचारलं, विद्यापीठ कसं आहे, तर तो अजूनही म्हणतो, ‘माणसं चांगली आहेत.’ इमारतींबद्दल, ग्रंथालयाबद्दल त्याच्याकडे काही नाही. त्यानं तिथं काढलेला वेळ एका अर्जाएवढा.

मुलांना घेऊन जायचं ठरलं की मी फोर्टपासून सुरुवात करतो. तिथं पाहुणे मान वर करून राजाबाई टॉवर बघत असतात. आमची मुलंही बघतात. कॉटन आणि शेअरच्या तेजीत अफाट पैसा मिळवलेल्या प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालय आणि मनोरा यांसाठी देणगी दिली आणि मनोऱ्याला आईचं नाव दिलं. १८७८ ला काम पुरं झालं, उंची २८० फूट. मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे कोरलेत. हे सांगितलं की मुलं त्यात आपला माणूस शोधायला लागतात. खालून तो कुणालाच ओळखू येत नाही. दगड कुर्ल्याच्या खाणींतला, आणि कुर्ला तर आपलं उतरायचं स्टेशन, याची त्यांना मौज वाटते. आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा; त्यांनी तो लंडनमध्ये बसून काढला, मुंबईला ते आलेच नाहीत. टोकावड्याकडची एक मुलगी हे ऐकून पटकन म्हणाली, ‘आमच्या ताईसारखंच की. ती पण बी.ए. झाली, विद्यापीठ तिनं बघितलं नाही.’ सगळे हसले. मीही हसलो, पण टॉवरची पुढची माहिती सांगायची माझी इच्छा त्या हसण्यात गेली.

कालिन्याला जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात घडलेला एक प्रसंग सांगायला हवा. डोळखांबच्या बाजूचा एक विद्यार्थी, महादेव कोळी समाजातला, समाजशास्त्र घेऊन बी.ए. करणारा. त्याला मी घुर्ये यांचं ‘द महादेव कोळीज’ हे पुस्तक दाखवलं. गोविंद सदाशिव घुर्ये हे गेडिस यांच्यानंतर या विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. भारतातल्या समाजशास्त्राची एक अख्खी पिढी त्यांच्या हाताखाली तयार झाली. हे पुस्तक १९५७ चं. मुलाचं इंग्रजी बेताचं, पण नावं कळतात, गावं कळतात. तो बराच वेळ पानं उलटत राहिला. मला वाटलं, त्याला आनंद होईल. त्यानं विचारलं, ‘सर, हे लिहिणारे आमच्यातल्या कुणाला भेटले होते का?’ म्हटलं, भेटले असणारच, त्याशिवाय कसं लिहितील. ‘मग आमच्यातलं कुणी इथं शिकत होतं का तेव्हा?’ याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

त्या प्रश्नात चीड नव्हती, साधी चौकशी होती. पण मला त्यातून बाबांच्या प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. या जमिनीतून काय निघतं, तर हे निघतं: आमच्यावरची पुस्तकं. आमचा समाज विद्यापीठात विषय म्हणून आमच्याआधी पोचला होता, कपाटात क्रमांक लावून ठेवला होता, आणि आता तो वाचायला आमच्यातला एक जण परतीच्या गाडीची वेळ सांभाळत आला होता. घुर्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्यांनी काम केलं म्हणून निदान भांडायला काहीतरी आहे. त्या मुलानं त्या दिवशी पुस्तकातल्या एका मजकुराबद्दल ‘आमच्या गावात असं नसतं’ असं ठामपणे सांगितलं. ते कुठेतरी लिहून ठेव, असं मी त्याला म्हटलं. त्यासाठी त्याला ते पुस्तक आणखी चार-सहा दिवस समोर हवं होतं. मिळाला होता दीड तास.

पाण्याचं राहिलंच. ग्रंथालयाबाहेरच्या कूलरवर पाणी पिताना आमच्यातला कुणीतरी ‘पी, पी, आपलंच आहे’ असं म्हणतोच. तानसा, मोडकसागर, भातसा ही धरणं शहापूर तालुक्यातली, मुंबईची तहान भागवणारी, आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर टँकर. विनोद जुना आहे, प्रत्येक तुकडी तो नव्यानं शोधून काढते, आणि मी तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा करतो.

आता ठाण्याला बाळकुममध्ये विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, कल्याणलाही आहे. अंतर कमी झालं हे खरंच चांगलं झालं. जी मुलगी कालिन्याला जाऊच शकली नसती ती कल्याणपर्यंत जाऊ शकते. माझे काही सहकारी म्हणतात की आता कालिन्याची ओढ धरून बसायचं कारण नाही, मुरबाडलाही एक केंद्र काढा, शहापूरलाही काढा. मला ते अर्धंच पटतं. केंद्रात वर्ग असतात, प्रयोगशाळा असतात, अभ्यासक्रम पुरा होतो. पण चहाच्या टेबलावर येऊन बसणारा इतिहासाचा मुलगा तिथं नसतो, कारण तिथं इतिहासाचा विभागच नसतो. आपल्याला ठाऊक नसलेल्या विषयाचा माणूस सहज भेटणं ही मोठ्या परिसराची खरी मिळकत. त्यासाठी जागा लागते, आणि जागेहून जास्त लागतो कुठेही न धावता बसून राहण्याचा वेळ. सव्वादोनशे एकर त्यालाच मोठे, ज्याचं घड्याळाकडे लक्ष नाही. बाकीच्यांसाठी ते गेटापासून विभागापर्यंतच्या रस्त्याएवढेच. तालुक्याला केंद्र काढण्याइतकंच मला रात्री उशिराच्या एका एसटीचं मोल वाटतं. हे मी एका सभेत बोललो तेव्हा लोकांना तो विनोद वाटला.

अलीकडे मुलांना नेतो तेव्हा फोर्ट आटोपून दुपारच्या आत कालिन्याला आणतो आणि सोडून देतो. इमारतींची नावं सांगत रांगेनं फिरवत नाही. जा, बसा, कुठेही जा, चारला गेटवर या. पहिला अर्धा तास ती सगळी घोळक्यानं एकाच झाडाखाली उभी राहतात. मग पांगतात. गेल्या खेपेला दोघं ग्रंथालयात गेले, काही कँटीनला, एक जण गवतात चक्क झोपला. चारला सगळे आले, एक मुलगी नाही. फोन लागेना. शोधत शोधत ज्ञानेश्वर भवनात गेलो. तिथं तत्त्वज्ञानाचा तास चालू होता, दाराला लागून शेवटच्या बाकावर ती बसली होती, वही उघडून. चुकून शिरली होती. उठायला लागली तर प्राध्यापकांनी हातानंच बस म्हटलं होतं. मी दारातून खूण केली. तिनं मला पाहिलं, आणि हातानंच ‘थांबा’ म्हटलं.

थांबलो. बाकीची मुलंही व्हरांड्यात येऊन बसली. तास लांबला, मग नंतर प्राध्यापक तिच्याशी बोलत राहिले, मग इतरांशीही. कुठून आलात, काय शिकता. एकानं मुरबाड म्हटल्यावर त्यांनी नाना शंकरशेटांचं नाव काढलं आणि पोरांनी मुरबाडच्या रेल्वेचं पुराण सुरू केलं. आम्ही ठरलेली गाडी सोडली, त्यानंतरचीही सोडली. कसाऱ्याच्या गाडीत शेवटी उभ्यानं आलो, ठाण्याच्या पुढं हलायला जागा नव्हती. वस्तीची एसटी केव्हाच निघून गेली होती. घरी फोन झाले होते, त्यामुळे आसनगाव स्टेशनाबाहेर मोटरसायकलींवर कुणाचे वडील, कुणाचे भाऊ, कुणाचे काका येऊन उभे होते. काही जण वैतागले होते, आणि मला त्यांची माफी मागावी लागली. त्या मुलीच्या वडिलांनी गाडीला किक मारता मारता तिला विचारलं, ‘एवढा येळ काय करीत होतीस गं?’

‘काही नाही,’ ती मागे बसत म्हणाली, ‘बसलो होतो.’